वडिलांचे डायलिसिस आणि अकरावीचे वर्ष: दाखला काढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातल्या एका गावातला मुलगा यंदा दहावीला ८१ टक्के गुण मिळवून कोल्हापुरात अकरावी विज्ञानाला दाखल झाला आहे. वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे कामाला होते. दिवाळीनंतर त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले आणि आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे. आई शेतमजुरीला जाते, दारात एक म्हैस आहे, धाकटी बहीण आठवीत शिकते. चुलत्यांचे म्हणणे असे, की म्हैस विकून उधारी मिटवावी आणि पोराने कॉलेज सोडून वडिलांच्याच जागी कामाला लागावे. महिन्याला १२ हजार सुटतील. मुलाने विचारले आहे, की शिक्षण कायमचे सोडावे, की दोन वर्षांचा गॅप घेऊन पुन्हा सुरू करावे?

मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. शिष्यवृत्तीचे टेबल बरीच वर्षे माझ्याकडे होते आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही आली. त्यामुळे या प्रश्नाची निरनिराळी रूपे मी जवळून पाहिली आहेत. वयाने तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

तू दोन पर्याय मांडले आहेस आणि दोन्हींची सुरुवात दाखला काढण्यापासून होते. मला वाटते, प्रश्न तिथेच चुकीच्या जागी जाऊन बसला आहे. घरात मोठे आजारपण आले, की सगळ्यांना पैशांचे भगदाड दिसते, आणि ते असतेच. परंतु मुलाचे शिक्षण बहुतेक वेळा त्या भगदाडातून जात नाही, ते वेळेतून जाते. वडिलांना दवाखान्यात कोणी न्यायचे, चार तास बाहेर बाकावर कोणी बसायचे, औषधे कोणी आणायची, म्हशीची धार कोणी काढायची, या कामांची वाटणी कोणी बसून करत नाही आणि ती आपोआप थोरल्या मुलावर येऊन पडतात. मग तो आठवड्यातून दोन दिवस बुडवतो, महिन्याभरात मागे पडतो, पहिल्या चाचणीत नापास होतो, आणि तेव्हा घरात कोणीतरी म्हणते, ‘जमत नाही तर कशाला जातोस?’ त्या टप्प्यावर दाखला काढणे ही केवळ औपचारिकता उरते.

एका मुलीच्या बाबतीत मला हे हजेरीपत्रकावरून कळले होते. तिच्या नावापुढच्या ओळीत सोमवार आणि गुरुवार या दोनच रकान्यांत गैरहजेरीच्या खुणा होत्या, बाकी ओळ स्वच्छ. आजारी मूल किंवा उनाड मूल इतक्या शिस्तीने गैरहजर राहत नाही. बोलावून विचारले, तेव्हा तिने वहीचे शेवटचे पान दाखवले; तिथे आईच्या डायलिसिसच्या तारखा, प्रत्येक वेळचे वजन आणि रक्तदाबाचे आकडे रसायनशास्त्राच्या समीकरणांच्याच अक्षरात नीटनेटके लिहिलेले होते. तिने वर्गात कोणालाही काही सांगितलेले नव्हते. तिच्या घरची अडचण फीची नव्हतीच. सोमवारी आणि गुरुवारी आईसोबत बसणारे दुसरे माणूस नव्हते, एवढीच ती अडचण होती, आणि ती सुटल्यावर मुलगी बारावी झाली.

म्हणून माझे पहिले सांगणे हे, की यंदा दाखला काढू नकोस. कॉलेजात नाव राहू दे. अभ्यास कमी झाला, गुण घसरले, तरी चालतील. पटावर नाव असलेल्या मुलासाठी प्राचार्य, वर्गशिक्षक आणि शिष्यवृत्तीचे कार्यालय काही करू शकतात. नाव कमी झालेल्या मुलासाठी त्यांच्या हातात फारसे काही उरत नाही.

आता पैशांकडे वळू, कारण चुलत्यांचा मुद्दा खोटा नाही आणि तो झटकून टाकला तर घरात तुझे कोणी ऐकणार नाही. सुरुवात तुझ्या नोकरीपासून करू नकोस, वडिलांच्या नोकरीपासून कर. ते ठेकेदाराकडे होते, असे तू लिहितोस. त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आणि पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कापले जात होते का? घरात पगाराची चिठ्ठी असेल, ईएसआयचे कार्ड असेल, नसेल तर त्यांच्यासोबत काम करणाऱ्या माणसाला विचार. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार, तो ठेकेदाराचा असला तरी, पात्र कारखान्यात ईएसआयच्या कक्षेत येतो. ठेकेदाराने हप्ता भरला नसेल, तर जबाबदारी मूळ मालकावर येते. ईएसआय असेल तर गोष्ट पुष्कळ बदलते. उपचार कामगाराला आणि कुटुंबाला मिळतात, आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो, आणि दीर्घ आजारांच्या यादीतला आजार असेल तर पुढे ८० टक्के दराने, सेवेच्या व हप्त्यांच्या अटी पूर्ण होत असल्यास, दोन वर्षांपर्यंत वाढीव भत्ता मिळू शकतो. मूत्रपिंडे कायमची निकामी होणे हे त्या यादीत आहे. पीएफ असेल तर आजारपणासाठी स्वतःच्या खात्यातून रक्कम उचलता येते. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत हा कागद पत्र्याच्या पेटीत पडून होता आणि मुलगा मात्र कामाला लागला होता. ईएसआयच्या कार्यालयात वडिलांना घेऊन जाण्याची गरज नाही. आधी त्यांचा विमा क्रमांक आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आईने किंवा चुलत्यांनी जावे आणि विचारून यावे.

ईएसआय नसेल, तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत आहे ना, हे पाहा. ही योजना आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यातून होतात. डायलिसिस त्यात बसते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथेच बोलायचे. तुझ्या चिठ्ठीवरून मला नीट समजले नाही, की तुम्ही दर खेपेला पैसे भरता की नाही. भरत असाल, तर ते या आठवड्यात थांबवण्याजोगे आहे, आणि तुझ्या १२ हजारांपैकी मोठा भाग तिथेच वाचतो. योजना असूनही जाण्यायेण्याचे भाडे, इंजेक्शने, मधल्या तपासण्या यांचा खर्च राहतो. त्यासाठी सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटावे. हे पद कशासाठी असते हे बहुतेक नातेवाइकांना माहीत नसते आणि म्हणून ते त्या खोलीवरून रोज पुढे निघून जातात.

याशिवाय दोन सरकारी आधार आहेत. एक, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी ती आहे हे लोकांना ठाऊक असते. परंतु पालकाला दुर्धर आजार असलेल्या, १८ वर्षांखालील मुलांचाही तिच्यात विचार होतो. दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे जातो, बाल कल्याण समिती कागद पाहते आणि घरभेटीनंतर निर्णय देते. तुमच्या बाबतीत ती काय ठरवील हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तू आणि बहीण दोघेही वयात बसता, तेव्हा अर्ज न करण्याचे कारण नाही. दुसरा आधार म्हणजे तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिथे वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे, म्हणजे अगदीच खाली, आणि म्हणून अर्ज अडतात. तरीही गावच्या तलाठ्याशी बोलून पाहावे. दोन्हीकडचे पैसे लगेच हातात पडत नाहीत. मधल्या चार-सहा महिन्यांची सोय वेगळी करावी लागेल, हे गृहीत धर.

म्हैस विकू नका. यावर मी ठाम आहे. कोल्हापूरच्या खेड्यांत घर कशावर चालते, हे चुलत्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत विचार: दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल येते, ते बंद झाले तर वैरणीचा खर्च वाचेल, पण बाजारहाटाला रोख कुठून आणायची? उधारी मिटेल एकदाच, आणि बिल जाईल कायमचे. म्हैस आटली असेल आणि वैरण विकत घ्यावी लागत असेल, तर हिशेब वेगळा. तसे असेल तर विकण्यालाही माझी हरकत नाही. उधारीसाठी आईच्या बचत गटाचे कर्ज चालेल. आठवड्याच्या हप्त्याचे, दारात येऊन फॉर्म भरून घेणारे मायक्रोफायनान्सचे कर्ज मात्र डायलिसिसच्या घरात आणू नका, कारण आजारपणात एक हप्ता चुकतोच, आणि मग तो भरायला घरातल्या सर्वांत धडधाकट माणसाला कामावर जावे लागते. ते माणूस म्हणजे तू.

आता त्या १२ हजारांच्या नोकरीकडे. तुझे वय १६. फाउंड्रीचे काम कायद्याने धोकादायक प्रक्रियांत मोडते आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तिथे कामावर ठेवता येत नाही. म्हणजे कोणी ठेवलेच, तर ते हजेरीपटावर न घेता ठेवील. ना ईएसआय, ना पीएफ, ना अपघात झाला तर दाद मागायला कागद. वडिलांच्या आजारात आज तुम्हाला नेमका जो कागद शोधावा लागतो आहे, तो तुझ्या नावाने जन्मालाच येणार नाही. चुलत्यांना हे रागावून सांगू नकोस. त्यांनी आयुष्यभर पाहिलेले जग असे आहे, की हात कामाला लागले की घर उभे राहते. त्यांना विचार, की ‘माझा हात भाजला तर ठेकेदार काय देईल, आणि मग बाबांना कोण नेईल?’ एवढ्यावर बहुतेक माणसे थांबतात.

चुलत्यांबद्दल आणखी एक. भावकी पैसे देऊ शकत नाही, कारण तिच्याकडेही नसतात. म्हणून आपण तिच्याकडे काही मागतच नाही आणि मनात कडवटपणा धरतो. पैसे मागू नका, पाळी मागा. तीन डायलिसिसपैकी एक दिवस चुलत्यांचा, एक आईचा, आणि एक तुझा. कॉलेज सकाळचे असेल, तर डायलिसिस विभागातल्या सिस्टरना भेटून वडिलांना दुपारची शिफ्ट मिळेल का ते विचार. कॉलेज दुपारचे असेल तर पहाटेची. शिफ्ट लगेच मिळेलच असे नाही, पण एखादा रुग्ण सोडून गेला की जागा होते आणि आधी विचारून ठेवलेल्या माणसाला ती मिळते. जाताना सोबत नसली तरी एखादे वेळी चालून जाते. येताना मात्र हवी, कारण डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, पाय लटपटतात आणि एसटीत चढताना माणूस पडू शकतो. तेव्हा चुलत्यांना पूर्ण दिवस जमत नसेल, तर फक्त घरी आणण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दे. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, ज्या हातात आहे त्या हाताने वडिलांनी जड उचलायचे नाही, म्हणजे भट्टीवर परत जाणे जवळपास संपले. पण सगळ्या रुग्णांची प्रकृती सारखी नसते, आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी बसून करता येण्याजोगे काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. हा विषय डॉक्टरांसमोर काढायला हरकत नाही. घरातल्या कर्त्या माणसाला आपण ओझे झालो असे वाटू लागले, की मुलाने शिक्षण सोडण्याची भाषा अनेकदा तोच पहिल्यांदा काढतो.

कॉलेजात काय करायचे, हे थोडे तपशिलाने सांगते, कारण या बाबतीत मुले फार संकोचतात. वर्गशिक्षकांना तोंडी सांगून भागणार नाही. ते बदलतात, विसरतात. प्राचार्यांच्या नावे अर्धे पान अर्ज लिही: वडिलांना अमुक आजार आहे, अमुक वारी डायलिसिस असते, त्यांपैकी अमुक दिवशी मला सोबत जावे लागते, प्रात्यक्षिके दुसऱ्या तुकडीसोबत करण्याची परवानगी मिळावी. सोबत डायलिसिस कार्डाची झेरॉक्स जोड. कार्यालयातून आवक क्रमांकासह पोच घे आणि ती जपून ठेव. मंडळाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. कमी पडली तर ती माफ करण्याचा विचार कारण आणि पुरावा पाहून होतो, आणि तो पुरावा जानेवारीत गोळा करण्यापेक्षा आजच्या तारखेचा असलेला बरा. वर्गात सर्वांसमोर काही सांगायची गरज नाही. एका मित्राला मात्र सांग, ज्याच्या वह्या तुला रोज मिळतील.

त्याच भेटीत विचार, की तुझी तुकडी अनुदानित आहे का. ऑनलाइन प्रवेशात मुले पसंतीक्रम भरताना हा रकाना पाहत नाहीत आणि एकाच इमारतीत, त्याच बाकांवर बसून, विनाअनुदानित तुकडीची फी कैक पटींनी जास्त भरतात. अनुदानित तुकडीत जागा रिकामी झाली तर बदल मिळू शकतो, पण विचारणाऱ्याला. आणि ‘इंटिग्रेटेड’ नावाखाली कॉलेज आणि खाजगी क्लास एकत्र विकणाऱ्या ठिकाणी प्रवेश झाला असेल, तर तो जरूर बदल. तिथे हजेरी कॉलेजची लागते आणि हप्ते क्लासचे द्यावे लागतात. तुझ्या परिस्थितीत पाठ्यपुस्तक, वर्गातले शिक्षक आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांवर बारावी उत्तम होते. प्रवेशपरीक्षांचा विचार त्यानंतर.

शिष्यवृत्त्यांचे मी लांबवत नाही, कारण त्या प्रवर्गावर अवलंबून असतात. तू तुझा प्रवर्ग लिहिलेला नाहीस आणि इथे लिहावास असेही नाही. सर्व काही महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले स्वतःचे बँक खाते, गुणपत्रक, रेशनकार्ड हे सगळे एका फायलीत ठेव. एकच गोष्ट लक्षात ठेव: उत्पन्नाचा दाखला वडील कमावत असतानाच्या वर्षाचा निघाला असेल तर पुढच्या वर्षी तो नव्याने काढ, कारण आता घरचे उत्पन्न खरोखरच घटले आहे आणि कागदावर ते दिसले पाहिजे.

तू ज्याबद्दल विचारलेच नाहीस, ती गोष्ट म्हणजे तुझी बहीण. ती आठवीत आहे, आणि आठवी हेच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे, म्हणजे एनएमएमएसचे वर्ष. शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असेल, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि सातवीत ५५ टक्के गुण असतील, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०, तर ती बसू शकते. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १ हजार रुपये, म्हणजे वर्षाला १२ हजार. उत्तीर्ण होऊनही निवड न झालेल्या मराठा, कुणबी मुलांना सारथी या राज्य सरकारच्या संस्थेकडून वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि तो चुकला तर पुन्हा संधी नाही, कारण ही परीक्षा आठवीतच देता येते. उद्याच तिच्या मुख्याध्यापकांना विचार. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव तू तिच्याकडून रविवारी करून घेऊ शकतोस. त्याला क्लास लागत नाही.

तिच्याबद्दल मला दुसरी काळजीही आहे. तू कॉलेजला जात राहिलास, आई मजुरीला गेली, आणि धार, स्वयंपाक, वडिलांचे पथ्य, पाणी मोजून देणे हे सगळे तिच्याकडे गेले, तर वर्षाच्या शेवटी तुझ्याऐवजी तिचे शिक्षण सुटलेले असेल आणि कोणाला ते फारसे खटकणारही नाही. मुलींच्या बाबतीत असे निर्णय निर्णयासारखे दिसतच नाहीत. कामांची वाटणी करताना तिच्या नावापुढे काय लिहितोस, ते स्वतः पाहा. सकाळची धार तू काढ. एसटीचा प्रवास तिला बारावीपर्यंत मोफत आहे, त्यामुळे पुढे लांबच्या शाळेत जायचे झाले तरी भाड्याची सबब चालणार नाही. तुझ्या मासिक पासला एक तृतीयांश पैसे लागतात.

वसतिगृहाचे काय, असे तू शेवटच्या ओळीत विचारले आहेस. या शहरात तो प्रश्न आपोआप येतो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकामागून एक समाजाची बोर्डिंगे उभी करवली, ती याच विचाराने, की खेड्यातल्या गरीब मुलाला शाळेच्या फीआधी शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील राजाराम हायस्कूलमध्ये शिकताना इथल्या जैन बोर्डिंगमध्येच राहिले होते, आणि पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी कमवा आणि शिका ही पद्धत रुजवली. दसरा चौकाच्या परिसरात आजही बोर्डिंगे आहेत आणि तिथून सीपीआर चालत गाठता येते. तरीसुद्धा यंदा तू घरीच राहावेस, असे माझे मत आहे. डायलिसिसचे पहिले वर्ष सर्वांत अस्थिर असते. घराला त्याची घडी बसवायला तुझी रात्रीची उपस्थिती लागेल, आणि एसटीने पाऊण तासाचे अंतर फार नाही. बारावीला, घडी बसल्यावर, बोर्डिंगचा विचार जरूर कर. उलट गावाहून एसटीच्या दोनच फेऱ्या असतील, किंवा घरात रात्री अभ्यासाला जागाच नसेल, तर माझे हे मत उलटे होईल.

कमाई करायचीच असेल, आणि तुझ्या मनाला ती हवीच असेल हे मी समजू शकते, तर ती अकरावीत पहाटेच्या किंवा सुट्टीच्या तासांपुरती ठेव: वृत्तपत्रे टाकणे, डेअरीत दूध संकलनाच्या वेळी नोंदी लिहिणे, गावातल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या. पदवीला गेलास की शिवाजी विद्यापीठात आणि अनेक महाविद्यालयांत कमवा व शिका योजना आहे; तेव्हा वयही बसेल आणि कामाचा कागदही राहील.

आता समजा, हे सगळे करूनही जमले नाही. ईएसआय निघाला नाही, आईची तब्येत ढासळली, चुलत्यांनी पाठ फिरवली. अशा वेळी मोकळा गॅप घेऊ नकोस, वाट बदल. गॅपनंतर परत आलेली मुले मी पाहिली आहेत, पण थोडी. इच्छा नसते असे नाही. दोन वर्षांत घराचा खर्च त्या पगाराला चिकटतो, बहिणीचे लग्न, घराचा हप्ता त्याच्या भरवशावर ठरतात, आणि मग पगार सोडून बाकावर बसणे अशक्य होते. वाट बदलायची तर कळंब्याच्या रस्त्यावरील शासकीय आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड हा एक मार्ग आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते, आणि पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो; पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबते, पण बंद होत नाही. गरिबाच्या हुशार मुलाला सरसकट आयटीआयला पाठवण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती मला मान्य नाही. तुला यंत्रांची खरोखर आवड असेल तर मात्र तो पहिला पर्यायही असू शकतो. शेवटचा मार्ग म्हणजे कला किंवा वाणिज्य शाखेतून १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देणे, आणि पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी. प्रात्यक्षिकांमुळे विज्ञानाला हा मार्ग सोयीचा नाही.

थोडक्यात क्रम असा धर: आधी वडिलांचा ईएसआय आणि योजनेचे कागद, मग डायलिसिसच्या पाळ्या, मग कॉलेजातला अर्ज, आणि या सगळ्याच्या बरोबरीने बहिणीचा एनएमएमएसचा फॉर्म. पुढे काही सांगायचे तर मला तीन गोष्टी कळायला हव्यात. पगारातून ईएसआय कापला जात होता का, तुझी तुकडी अनुदानित आहे का, आणि डायलिसिसचे वार व वेळ कोणती. एवढे लिहून पाठव, म्हणजे कोणत्या कार्यालयात आधी जायचे आणि आठवड्याचे वेळापत्रक कसे लावायचे, हे नेमके सांगता येईल. चुलत्यांना दाखवायचे असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही.